गल्लीचं नाव, पेढीचं गाणं

‘वायएमसीए’वर हात उंचावून, अंगाने इंग्रजी अक्षरं काढत नाचलेली माणसं जगात कुठेही सापडतील. ते गाणं १९७८ मध्ये बाजारात आणणाऱ्या जोडीनेच पाच वर्षांनी ‘ब्रेक मशीन’ नावाचा चमू उभा केला आणि ‘स्ट्रीट डान्स’ ही रेकॉर्ड काढली. झाक मोराली आणि आंरी बेलोलो. दोघांचा जन्म मोरोक्कोतल्या कासाब्लांकाचा, उमेदवारी पॅरिसची आणि भरभराट न्यूयॉर्कची. ब्रेक डान्सच्या सर्वात गाजलेल्या रेकॉर्डींपैकी एक अशी डिस्कोवाल्या फ्रेंच मंडळींच्या पेढीत जन्माला आली.

या पेढीची रीत ठरलेली होती. न्यूयॉर्कच्या एका क्लबात मोरालीला मूळनिवासी अमेरिकनाच्या वेषात नाचणारा एक तरुण दिसला. त्यावरून त्याला अख्खी टोळी सुचली: पोलीस, काऊबॉय, बांधकाम मजूर. जाहिरात देऊन माणसं भरली आणि ‘वायएमसीए’ गाणारं ‘व्हिलेज पीपल’ तयार झालं. आधी सोंग ठरायचं, मग ते वठवणारे शोधायचे. आपल्याकडचे तमाशा फडाचे मालकही बहुधा इतके उघडे हिशेबी नसतील.

मग डिस्कोचे दिवस फिरले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग चक्क स्फोटाने उडवण्यात आला, प्रेक्षक मैदानात घुसले, पुढचा सामना रद्द झाला. डिस्को विकून जगणाऱ्याला नवीन माल शोधणं भाग होतं.

तो माल न्यूयॉर्कातच, नदीपलीकडे ब्रॉंक्समध्ये तयार होत होता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत जमैकाहून आलेल्या कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यातले बाकीचे वाजणारे थांबून नुसते ड्रम आणि बाँगो वाजतात, तो तुकडा आला की नाचणारे पेटतात. हा तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. पण तो असतो काही सेकंदांचा. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांचा ताल हवा तितका लांबू लागला आणि त्यावर नाचणारी पोरं बी-बॉय ठरली.

दशक सरता सरता ब्रॉंक्सच्या बऱ्याच काळ्या पोरांनी हा नाच टाकला होता. तो प्वेर्तो रिकन पोरांनी धरून ठेवला, त्यात पाठीवरच्या गिरक्या आणि डोक्यावरचे भोवरे घातले. १९७७ मध्ये निघालेला ‘रॉक स्टेडी क्रू’ त्यांचाच. १९८३ च्या ‘फ्लॅशडान्स’ चित्रपटात नायिका पाठीवर गरगर फिरते ना, तो खरं तर या क्रूचा क्रेझी लेग्ज हा मुलगा, विग घालून. त्याच वर्षी क्रूच्या नावाने एक पॉप-रॅप गाणंही निघालं आणि ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे अस्सल घराणंही एव्हाना रेकॉर्ड कंपनीच्या दारी पोचलं होतंच.

मोराली-बेलोलोंनी हे पाहिलं नसेल असं कोण म्हणेल? फ्रेड झार आणि कीथ रॉजर्स यांना लेखनात घेऊन त्यांनी ‘स्ट्रीट डान्स’ रचलं. सिंथेसायझरचा ठोका, सोपं रॅप, आणि सगळ्यांवर मात करणारी एक शिट्टीची धून. इंग्रजी न येणाऱ्यालाही ती पहिल्या फटक्यात तोंडात बसते. माझ्या मते रेकॉर्ड चालली ती या शिट्टीवरच. १९८४ च्या सुरुवातीला ती ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेली, क्रूच्या गाण्यापेक्षा तीन पायऱ्या वर. पाठोपाठ आलेलं ‘ब्रेक डान्स पार्टी’ नवव्यावर थांबलं. त्यापुढची घसरण सांगण्यासारखी नाही.

या लाटेने एक घोटाळाही केला. कॅलिफोर्नियात स्वतंत्रपणे वाढलेले लॉकिंग आणि पॉपिंग हे नाच तिने ‘ब्रेक डान्स’ याच पाटीखाली ढकलले. आपल्याकडे पोचला तो हाच मिश्र माल. १९८५ च्या ‘मेरी जंग’मध्ये जावेद जाफरी असा नाचला; पुढच्या वर्षी ‘इल्जाम’मध्ये विरारचा गोविंदा स्वतःला स्ट्रीट डान्सर म्हणवत आला. मग शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये यंत्रमानवासारखे हात मोडणाऱ्या प्रत्येकाला ब्रेक डान्सर म्हणायची चाल पडली. ब्रॉंक्सच्या मुलांनी ते बघून कपाळाला हात लावला असता.

तरीही ‘स्ट्रीट डान्स’ला नुसतं नकली म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. बरीच युरोपीय पोरं त्या शिट्टीमुळेच पुठ्ठा पसरून फरशीवर उतरली. त्यांतल्या कितीतरी जणांना खरा वंश नंतर कळला.

मोराली १९९१ मध्ये गेला, बेलोलो २०१९ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांनी उमेदवारी केलेल्या पॅरिसमध्येच, हा नाच ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. स्पर्धेचं अधिकृत नाव होतं ‘ब्रेकिंग’, रेकॉर्डवाल्यांनी रुळवलेलं ‘ब्रेक डान्स’ नव्हे. २०२८ च्या लॉस एंजेलिस खेळांत मात्र त्याला जागा दिलेली नाही.