बातमीचे शिक्षण आणि लोकमताची मोजणी

वाचकहो, आपल्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातील बातमी लिहिणाऱ्याने हे काम कोठे शिकून घेतले, असा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. शिक्षकास बी. एड. लागते, वकिलास सनद लागते. पत्रकार मात्र पुष्कळ वर्षे छापखान्यातच घडत असे. आपल्या जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली केवळ कवितेस वाहिलेले 'काव्यरत्नावली' मासिक काढले व ते दीर्घकाळ चालविले. त्यासाठी त्यांना कोणत्या पदविकेची गरज भासली नाही.

अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेची स्वतंत्र शाळा उघडली. आपल्या देशात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९३८ साली असा अभ्यासक्रम सुरू केला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तो अल्पावधीतच बंद पडला. १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी विभाग उघडला. फाळणीनंतर तो दिल्लीस व पुढे चंडीगडला गेला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, आणि पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठामार्फत १९६४ पासून हे शिक्षण मिळू लागले.

लोकमत मोजण्याचे शास्त्रही याच वर्गांच्या शेजारी वाढले. जॉर्ज गॅलप हे मूळचे पत्रकारितेचे प्राध्यापक. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठविल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि लँडन निवडून येणार असे त्याने छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले! नावे घेतली होती ती मुख्यत्वे टेलिफोन व मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारेही निवडकच. गॅलपने त्या मानाने मूठभर लोकांना, पण निरनिराळ्या थरांतून निवडून विचारले होते व त्याचा कौल बरोबर ठरला.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. एकदा त्याच मुलांना मी मोहल्ल्यातील वीस घरी पाठविले. प्रश्न साधा होता : नळाला पाणी कोणत्या वेळी यावे? वही भरून आली. बहुतेकांना पहाटेची वेळ पसंत होती. मी विचारले, उत्तर कोणी दिले? दारात जो भेटला त्याने, म्हणजे वीसही घरी पुरुषांनी. पाणी भरणारीला कोणी विचारलेच नव्हते. आमचेही डायजेस्टच झाले म्हणावयाचे.

पूर्वी आपली महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. तेथील विभागात शिकावयाचे तर पुण्यास खोली घेऊन राहण्याची ऐपत हवी. मुलीस पाठविणे तर दूरच. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आज बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. धुळे, नंदुरबारची मुलगी तेथे शिकू शकते, आणि अहिराणीत प्रश्न विचारला तर उत्तर मोकळे येते हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

त्या वहीचे पुढे काय झाले, तेवढे सांगतो. दुसऱ्या आठवड्यात मी वर्गातील मुलींना त्याच वीस घरी धाडले. त्या थेट स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. पहाटे डबे करावे की हंडे भरावे, असे बायकांनी त्यांनाच उलट विचारले. वीसपैकी तेरा घरी संध्याकाळची वेळ निघाली.