माझ्याच वयाचा एक विषाणू

आपल्या मंडळात आता बऱ्याच घरांत कुत्रा आहे. गणपतीच्या आरतीला नाही, तरी उन्हाळ्यातल्या पिकनिकला ही मंडळी हजर असतात आणि बटाटेवड्याचा वास आला की त्यांची सगळी शिस्त कुठल्या कुठे जाते. (वड्यातला कांदा-लसूण त्यांना बाधतो, हे मुलांना जरूर सांगून ठेवा.) दुसऱ्या दिवशी फोनाफोनी सुरू होते. "आमच्या ब्रूनोचं पोट बिघडलंय हो, तुम्ही काय देता?" उत्तर ठरलेलं: उकडलेलं चिकन आणि मऊ भात. भारतातून आई आलेली असली तर दहीभात, आणि वर चिमूटभर हिंगाची सूचना.

आम्ही पिल्लू घरी आणलं तेव्हा तेही पहिल्याच आठवड्यात जुलाबांनी हैराण झालं. व्हेटबाईंनी ते काय खातं हे विचारायच्या आधी विचारलं, "पार्व्होच्या लशीचे किती डोस झालेत?" मग विष्ठेची दहा मिनिटांची एक चाचणी केली. ती निगेटिव्ह आली आणि शेवटी साधे जंत निघाले. पण हाच प्रश्न आधी का, याचं कुतूहल मला लागलं. शोध घेताना कळलं की हा आजार माझ्याच वयाचा आहे. माझा जन्म 1978 चा, आणि वैद्यकाला या रोगाची ओळख झाली तीही 1978 मध्येच.

कुत्र्यांचं पोट काही त्या वर्षी पहिल्यांदा बिघडलं नाही. पण हे प्रकरण निराळं होतं. सकाळी बागडणारं पिल्लू संध्याकाळी ओकू लागे, मग रक्ताचे, विलक्षण दुर्गंधीचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. काही आठवड्यांच्या पिल्लांत तर जुलाबही दिसत नसत. हृदयाच्या स्नायूंनाच इजा होऊन ती अचानक कोसळत. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, जपान, सगळीकडून अशाच बातम्या येऊ लागल्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले ते जेमतेम 25 नॅनोमीटरचे गोल कण. लॅटिनमध्ये 'पार्व्हस' म्हणजे लहान, म्हणून पार्व्होव्हायरस. कुत्र्यांचा एक सौम्य पार्व्होव्हायरस 1967 पासून माहीत होता, म्हणून हा क्रमांक दोनचा.

याला वाढायला वेगानं विभागणाऱ्या पेशी लागतात. शरीरात अशा जागा दोन मोठ्या: आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं आणि हा विषाणू नेमका त्या नव्या पेशींच्या मुळाशी घाव घालतो. मग अन्नपाणी शोषलं जात नाही आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्यांच्याशी लढायच्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत तयार व्हायच्या, तर तिथेही हाच बसलेला. म्हणजे वरून दिसतात जुलाब, आतून मात्र सगळी तटबंदी ढासळलेली असते.

लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीत पिल्लांची अख्खी वेत अशी आठवड्याभरात गेलेली मी पाहिली आहेत. मोठी माणसं म्हणत, "काहीतरी खाल्लं असेल." 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा रोग भारतात पोचला होता. आज ती लक्षणं आठवली की शंका येते.

तो आला कुठून? मांजरांचा एक जुना आजार आहे, पॅनल्युकोपेनिया. त्याच्या विषाणूशी याचं अगदी जवळचं नातं आहे. दोघांचा जनुकीय मजकूर जेमतेम पाच हजार अक्षरांचा. आमच्या प्रोजेक्टमधली साधी कॉन्फिगरेशन फाईलसुद्धा याहून मोठी असते! बाहेरच्या कवचाच्या प्रथिनात अर्धा डझन बदल झाले आणि विषाणूला कुत्र्याच्या पेशीचं दार उघडता येऊ लागलं. हे दार म्हणजे पेशीत लोह आत घेणारा रिसेप्टर, हे कॉर्नेल विद्यापीठातल्या कॉलिन पॅरिश यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं. युरोपातले जुने साठवलेले रक्तनमुने तपासले तेव्हा 1970 च्या दशकाच्या मध्यातल्या काही कुत्र्यांत अँटीबॉडीज सापडल्या. म्हणजे पाहुणा आधीच घरात होता, बोभाटा 1978 मध्ये झाला. कोव्हिडनंतर हे वाचताना फार ओळखीचं वाटतं.

पसरायला त्याला कुत्रा लागतोच असं नाही. विष्ठेतून बाहेर पडलेला विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि बुटाचा तळवा, गाडीचं टायर, काहीही त्याला चालतं. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यापुढे निरुपयोगी, पातळ केलेलं ब्लीच मात्र चालतं.

याची सर्वांत विदारक गोष्ट मला लेक सुपीरियरमधल्या आयल रॉयल बेटावर सापडली. तिथले लांडगे आणि मूस हरणं यांचा अभ्यास 1958 पासून चालू आहे. 1980 मध्ये बेटावर 50 लांडगे होते, 1982 मध्ये उरले 14. बेटावर कुत्री न्यायला बंदी असूनही कुणीतरी नेलेल्या कुत्र्याकडून पार्व्हो तिथे पोचला असं मानलं जातं. पुढे रोग ओसरला, पण लांडग्यांची वाढ खुंटली ती खुंटलीच. मोजक्या जनावरांत अंतर्गत प्रजनन होत राहिलं. 2018 पर्यंत दोनच लांडगे उरले होते, तर मूस भरमसाट वाढून जंगल ओरबाडत होते. शेवटी 2018 आणि 2019 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडावे लागले.

लशीची कथा त्या मानानं झटपट घडली. सुरुवातीला हाताशी होती ती मांजरांची लसच अनेक व्हेट कुत्र्यांना टोचत. इथाकाच्या बेकर इन्स्टिट्यूटमध्ये मॅक्स ॲपल, लीलंड कार्मायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा काढून 1979 मध्येच लसीकरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. (मी सिराक्यूजला एमएस करताना इथाकाला धबधबे पाहायला कितीदा गेलो, पण याचा पत्ताच नव्हता.) तरीही लस दिलेली काही पिल्लं दगावत. कारण मोठं चमत्कारिक निघालं. आईच्या चिकातून मिळालेल्या अँटीबॉडीज पिल्लाचं रक्षण करतात, पण त्याच लशीलाही निकामी करतात. त्या ओसरताना एक काळ असा येतो की त्या रोगाला अडवायला अपुऱ्या आणि लशीला अडवायला पुरेशा असतात. प्रत्येक पिल्लात हा काळ वेगळा. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून निदान सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी टोचत राहायचं. व्हेट पैसे उकळतात म्हणून तीन-तीन डोस देतात, ही आपल्याकडची लाडकी समजूत यावर टिकत नाही.

विषाणूही स्वस्थ बसला नाही. त्याचा 'टू-ए' हा प्रकार 1980 च्या सुमारास आला, त्यानं मूळ प्रकाराला हटवलं आणि मांजरांनाही पुन्हा पकडलं. 'टू-बी' 1984 मध्ये, 'टू-सी' 2000 मध्ये इटलीत. व्हर्जन बदलत गेली, पण लशी उपयोगी राहिल्या.

उपचार न मिळाल्यास दहांतली नऊ पिल्लं दगावू शकतात; सलाईन, उलटीचं औषध आणि अँटिबायोटिक वेळेवर मिळाली तर बहुतेक वाचतात. विषाणूवरच काम करणाऱ्या अँटीबॉडीच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2023 मध्ये सशर्त मान्यता दिली. म्हणून धडधाकट, मोठ्या कुत्र्याला एखादा जुलाब झाला तर खुशाल चिकन-भात द्या, पण पिल्लू ओकतंय, खात नाही, शौचातून रक्त जातंय, असं असेल तर भात शिजायची वाट पाहू नका.

ऑगस्ट 2022 मध्ये मिशिगनच्या ऑट्सेगो काउंटीत कुत्री पटापट मरू लागली. दवाखान्यातल्या झटपट चाचण्या निगेटिव्ह येत होत्या आणि टीव्हीवर 'गूढ आजार' म्हणून गाजावाजा झाला. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा तो पार्व्होच निघाला. त्या कुत्र्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं नव्हतं.