जोगाईचें आंबें : एका नगरीची कहाणी

बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. बालाघाटाचे उघडे डोंगर, काळी जमीन आणि लहरी पाऊस एवढेंच त्याच्या वांट्याला आलेलें. तरीहि कोंकणपट्टींतील शेंकडों कुटुंबें आपल्या कुलदेवतेच्या दर्शनाला सह्याद्रि चढून ज्या गांवीं पिढ्यान्‌पिढ्या येत आलीं, तें आंबाजोगाई याच जिल्ह्यांत, जयंती नदीच्या कांठीं वसलेलें आहे. कोंकणस्थांच्या पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी इतक्या दूर देशावर कशी, अशी शंका श्रोत्यांना येणें साहजिक आहे. तिचें उत्तर लोककथा आपल्या परीनें देते. कोंकणच्या योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशीं ठरला. वऱ्हाड निघालें, पण मुहूर्त टळला. देवी कुमारीच राहिली आणि परत न जातां येथेंच स्थिरावली. वऱ्हाडाचे दगड झाले. गांवाजवळच्या शिवलेण्याच्या अंगणांत कोरलेले जे दगडी हत्ती उभे आहेत, ते त्या वऱ्हाडांतलेच, असें भाविक मानतात. या हत्तींवरूनच लेण्याला ‘हत्तीखाना’ हें नांव पडलें.

ही झाली श्रद्धेची साक्ष; इतिहासाची साक्ष शिलालेखांत आहे. देवगिरीच्या यादव राजांपैकीं सिंघण हा मोठा पराक्रमी. त्याचा सेनापति खोलेश्वर याचे लेख आंब्यास सांपडले आहेत. माळवा आणि गुजराथ या बाजूंस त्यानें स्वाऱ्या केल्या. त्याचा मुलगा राम हाहि सेनानी होता. तो नर्मदेच्या परिसरांतील लढाईंत पडला. त्या भावाच्या स्मरणार्थ खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिनें देऊळ बांधलें व त्याचा लेख शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० मध्यें, कोरविला. सेनापतींचीं नांवें दगडावर नेहमींच येतात. बहिणीचें दुःख क्वचितच येतें. आंब्याच्या लेखाचें मोल यामुळें अधिक आहे.

परंतु आंब्याची खरी कीर्ति तरवारीची नव्हे, लेखणीची. मराठीचा आद्यकवि म्हणून ज्याचा मान, त्या मुकुंदराजाची समाधि गांवाबाहेरच्या दरींत आहे. त्याचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनें शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या आधीं सुमारें एक शतक. विद्वानांत याविषयीं वाद आहे. कित्येकांना हा काळ मान्य नाहीं, तर कित्येक वैनगंगेकांठच्या अंभोऱ्याचा पक्ष घेतात. हा वाद संशोधकांनींच तोडावा. मात्र वेदांतासारखा विषय संस्कृतांतून काढून सामान्य जनांच्या बोलींत मांडण्याचें धाडस ज्यानें केलें, त्याची आठवण या दरीनें शतकानुशतकें जपली, याविषयीं वाद नाहीं.

पुढें सोळाव्या शतकांत दासोपंत आले. जन्म शके १४७३ चा, बिदरकडील नारायणपेठचा. निर्वाण शके १५३७ मध्यें आंब्यास. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, असें परंपरा सांगते. त्याहून नवल त्यांच्या पासोडीचें. पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहितां त्यांनीं एका लांबलचक वस्त्रावर लिहिला. अंगावर पांघरावयाचें जाडेंभरडें कापड, आणि त्यावर पंचमहाभूतांचा विचार! चारशें वर्षें होऊन गेलीं. कापड जीर्ण झालें, पण तें राहिलें आहे.

मोंगलाईंत, म्हणजे निजामाच्या राज्यांत, या गांवाला मोमिनाबाद म्हणूं लागले. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथें पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारांत फारसीच्या जागीं उर्दू आली. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच ठरलें. दोष उर्दूचा नव्हे. ती भाषा गोड आहे व तिचें वाङ्मयहि समृद्ध आहे. दोष एवढाच कीं, शेतकऱ्याच्या मुलाला कायदा, हिशेब आणि भूगोल घरच्या भाषेंत शिकण्याची सोय राहिली नाहीं. ज्या मातींत मराठी ग्रंथकाराची समाधि, त्याच मातींत मराठी ही घरापुरती आणि देवळापुरती उरली.

ही उणीव योगेश्वरी नूतन विद्यालयासारख्या खासगी शाळांनीं भरून काढली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ सालीं येथें मुख्याध्यापक म्हणून आले. खडूचा आणि फळ्याचा धनी असलेला हा संन्यासी तीन वर्षांतच, १९३८ सालीं, हैदराबादच्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत उतरला आणि तुरुंगांत गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानी सत्ता संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. गांवाला जुनें नांवहि परत मिळालें. १९७४ सालीं येथें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याला स्वामीजींचेंच नांव आहे. शिक्षकाचें नांव रुग्णालयावर असणें हें या गांवाला शोभूनच दिसतें. १९८३ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथें भरलें. अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते. माणदेशच्या दुष्काळी मुलखाचा लेखक बालाघाटाच्या दुष्काळी मुलखांत आला, हा योग चांगला जुळला.

आज ७० हजारांहून अधिक वस्तीच्या या गांवाचा कारभार नगरपरिषद पाहते. गांवाचें पाणी धनेगांवच्या मांजरा धरणांतून येतें. २०१६ सालीं तें धरण कोरडें पडलें, तेव्हां घागरीची किंमत सर्वांनाच कळली. स्वतंत्र जिल्ह्याची मागणीहि जुनीच आहे. मात्र जिल्हा होवो वा न होवो, नगराची थोरवी दोन कसोट्यांवर ठरावयाची : नळाला पाणी येतें कीं नाहीं, आणि लेण्यांतले हत्ती, सेनापतीच्या मुलीचा लेख व दासोपंतांची पासोडी जशास तशीं पुढच्या पिढीच्या हातीं जातात कीं नाहीं. २०२४ सालीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा दिल्लींत जाहीर झाला खरा. पण त्याची मुळें ज्या थोड्या गांवांच्या मातींत रुजलेलीं आहेत, त्यांत आंबें आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला मार्गशीर्षांत येणाऱ्या यात्रेकरूंनीं देवीपुढें नारळ ठेवून झाल्यावर दरी उतरून मुकुंदराजाच्या समाधीपर्यंतहि जावें. वाट थोडी चढउताराची आहे, परंतु म्हातारीं माणसेंहि ती चालून जातात.