सातांचे चक्र आणि बाविसांचे कोडे

पालघरच्या एखाद्या शेतकऱ्याला भाताच्या सात जाती पारखावयाच्या आहेत, पण एका वाफ्यात तीनच मावतात, असे आपण समजू. कोणत्याही दोन जातींची गाठ एका वाफ्यात एकदा, आणि एकदाच, पडली पाहिजे. पहिल्या वाफ्यात १, २, ४ या जाती लावाव्या. पुढे प्रत्येक आकडा एकाने सरकवावा, आणि सातानंतर पुन्हा एकावर यावे. म्हणजे २, ३, ५. मग ३, ४, ६. सात वाफ्यांत काम पुरे होते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात सात कामगारांच्या तिघातिघांच्या पाळ्या लावावयाच्या झाल्या, तरी हेच चक्र चालेल.

हे साधते कशाने? १, २, ४ यांतील अंतरे या चक्रावर दोन्ही दिशांनी मोजली, तर १ ते ६ यांपैकी प्रत्येक अंतर एकदाच मिळते. वर्गसंख्यांना सातांनी भागले असता, शून्य सोडून, ज्या बाक्या उरतात त्याही १, २, ४ याच होत!

मग कोणत्याही संख्येला अशी रचना सापडेल काय? आता २२ जाती, २२ वाफे, वाफ्यात ७ जाती, आणि प्रत्येक जोडी दोनदा एकत्र, असे घेऊ. प्रत्येक जात ७ वाफ्यांत येईल. तेथे तिला सहा-सहा सोबती, म्हणजे ४२. उरलेल्या २१ जाती दोनदा भेटावयाच्या, म्हणजेही ४२. हिशेब चोख जुळतो. रचना मात्र होत नाही. जातींची संख्या सम असेल, तर ७ मधून २ वजा जाता उरणारी संख्या पूर्ण वर्ग असावी लागते. ५ तशी नाही. हा नियम १९५० च्या सुमारास ज्यांनी सिद्ध केला, त्यांत नागपूरला शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे एक होत.

सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करावयाचे की, प्रत्येक ओळीत व रांगेत प्रत्येक पलटण आणि हुद्दा एकदाच यावा, हे ऑयलरचे १७८२ चे कोडे. त्याने ६, १०, १४, १८, २२ अशा सर्व संख्यांना ते अशक्य मानले. सहापुरते ते खरे, हे १९०० साली तारी यांनी दाखविले. त्यामुळे बाकीचेही लोकांना खरेच वाटत राहिले. १९५९ साली राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौरस रचून दाखविला. पार्कर यांनी १० चा रचला, आणि त्याचा मोठा भाग सातांच्या चक्रावरच उभा होता. मग तिघांनी मिळून सहाच्या पुढील सर्व संख्या सोडविल्या.

एकाच माणसाने एका बाविसांना ‘नाही’ म्हटले आणि दुसऱ्या बाविसांना ‘आहे’. पहिल्या वेळी त्याने जुळलेल्या हिशेबावर भिस्त ठेवली नाही, दुसऱ्या वेळी ऑयलरच्या नावावर ठेवली नाही. दोन्ही वेळा त्याने सिद्धताच पाहिली. श्रीखंडे २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले. ही शिस्त मात्र आपणां सर्वांना घेता येण्यासारखी आहे.