बोट, तार आणि लेझर : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची गोष्ट

प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं की घरात हमखास एक प्रश्न निघतो : "लेझरने करायचं की साध्या पद्धतीने?" आज आपण या प्रश्नाचाच इतिहास पाहू. कारण त्यातला 'साधी' हा शब्द फसवा आहे, आणि 'लेझर' त्याहून फसवा.

आधी एक नारळ डोळ्यांसमोर आणा. वयाबरोबर ग्रंथीचा जो भाग वाढतो तो आतला, मूत्रमार्गाला लागून असलेला. ते खोबरं समजा. बाहेरचा भाग त्याच्या दाबाने करवंटीसारखा होतो. दोहोंमध्ये एक पातळी असते. ती सापडली की खोबरं करवंटीपासून सुटतं. पुढची सगळी गोष्ट या पातळीची आहे.

पीटर फ्रायर हे आयरिश सर्जन. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये असताना हिंदुस्थानात मूतखड्यांच्या शस्त्रक्रियांत त्यांनी नाव कमावलं आणि मग ते लंडनला गेले. तिथल्या सेंट पीटर्स हॉस्पिटलात डिसेंबर १९०० मध्ये त्यांनी ओटीपोट आणि मूत्राशय उघडून आत बोट घातलं आणि वाढलेला भाग सोडवून काढला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं; जे काही दिसायचं ते बोटाला. (न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी हे आधीच केलं होतं. त्यावरून वाद झाला, पण नाव राहिलं फ्रायरचं.) १९१२ मध्ये त्यांनी हजार रुग्णांचा हिशेब मांडला. शंभरात पाच-सहा दगावले होते. आज हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण तेव्हा लघवी तुंबलेल्या माणसापुढे दुसरी वाट होती ती रोज नळी घालण्याची आणि जंतुसंसर्गाने खंगत जाण्याची.

पुढे पोट न उघडता मूत्रमार्गातूनच आत जायची सोय झाली. १९२६ मध्ये स्टर्न यांनी आणि काही वर्षांनी मॅकार्थी यांनी दुर्बीण आणि विजेवर तापणारी तार एकत्र आणली. आज आपण 'साधं' म्हणतो ते हेच, टीयूआरपी. रुग्णाला केवढा दिलासा! पण पद्धत बदलली : आता खवणीवर खोवल्यासारखं खोबरं आतून थोडं थोडं निघू लागलं. वेळ लागे, रक्त जाई, आणि धुण्यासाठी सोडलेलं पाणी उघड्या शिरांतून रक्तात शिरलं तर सोडियम घसरून माणूस अत्यवस्थ होई. म्हणून ग्रंथी फार मोठी असली की पोट उघडून पुन्हा बोटच.

मग लेझर आलं. १९९० च्या सुमारास वापरलेल्या एनडी-याग लेझरचा प्रकाश खोल शिरायचा. मांस जागच्या जागी शिजायचं आणि पुढे कित्येक आठवडे झडत राहायचं, तोवर नळी. लेझरबद्दलची पहिली निराशा इथली. होल्मियम लेझरचं तसं नाही. पाणी त्याचा प्रकाश चटकन शोषून घेतं, त्यामुळे तो अर्ध्या मिलिमीटरच्याही आतच थांबतो. न्यूझीलंडमधल्या टौरांगा गावी पीटर गिलिंग आणि सहकाऱ्यांनी आधी त्याने तुकडे कापून पाहिले. नंतर, १९९८ च्या सुमारास, ते थेट त्या जुन्या पातळीत शिरले. दुर्बिणीचं टोक बोटासारखं रेटायचं, चिकटलेलं लेझरने सोडवायचं, सुटलेला गोळा मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे बारीक करून ओढून घ्यायचा. हे होलेप. म्हणजे फ्रायर यांचंच ऑपरेशन, फक्त पोट न उघडता आणि डोळ्यांदेखत.

रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, मोठी ग्रंथीही चालते, आणि धुवायला सलाइन असल्याने सोडियमची ती भीती नाही. (आता टीयूआरपीही सलाइनमध्ये करता येते, हे जाहिरातीत सहसा नसतं.) मध्यम आकाराच्या ग्रंथीत लघवीची धार दोन्हींनी सारखीच सुधारते. होलेप शिकायला मात्र डॉक्टरांना बराच काळ लागतो. शिवाय 'लेझर' म्हणून जे सांगितलं जातं ते सोडवून काढणं असेल, किंवा नुसतं वाफ करून उडवणं. वाफ केली तर तपासणीला मांसाचा तुकडा उरत नाही, आणि अशा तुकड्यात कधीकधी न दिसलेला कर्करोग सापडतो.

विचारायला पुरुष लाजतात अशी एक गोष्ट राहिली. या ऑपरेशनांनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. बोट असो, तार असो की होल्मियम, यात फारसा फरक नाही.