पॅनकेकची कुळकथा

नाटकाच्या रंगपटात तिसरी घंटा व्हायच्या बऱ्याच आधी मेकअपमनचं काम सुरू झालेलं असतं. पसरट गोल डबीतल्या घट्ट वडीवर तो ओला स्पंज फिरवतो, स्पंजाला लागलेला रंग नटाच्या कपाळावरून गालांवर, गळ्यावर आणि कानांच्या मागे ओढत नेतो. पाणी सुकतं आणि चेहऱ्यावर एकसारखा, चमक नसलेला बेस बसतो. या वडीला सगळे पॅनकेक म्हणतात. हे मुळात एका कंपनीने आपल्या मालाला दिलेलं नाव होतं. मालाचा जन्म झाला हॉलिवूडमध्ये, 1930 च्या दशकात, रंगीत चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर आलेली एक अडचण सोडवताना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या हॉलिवूडच्या तारकांचा जो नितळ, तेजस्वी चेहरा आपल्याला ठाऊक आहे, त्यात भिंगाचा आणि दिव्यांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच या वडीचा आहे.

वडीचं घराणं सुरू होतं मॅक्स फॅक्टर या माणसापासून. रशियाच्या अमलाखालच्या पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. लहानपणीच केसांचे टोप बनवणाऱ्याच्या हाताखाली काम शिकला आणि पुढे रशियातल्या शाही रंगभूमीच्या कलावंतांची रंगभूषा करू लागला. 1904 मध्ये तो अमेरिकेला निघून आला आणि 1908 मध्ये लॉस एंजेलिसला गेला. तिथे त्याने दुकान थाटलं. चित्रपटाचा धंदा नुकताच तिथे हातपाय पसरू लागला होता.

त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. गोरा पण लालसर चेहरा तिच्यावर काळपट उमटे, ओठ काळेठिक्कर दिसत, निळे डोळे पांढरेफटक पडत. त्यावर उपाय म्हणून नट नाटकातलाच जाड ग्रीझपेंट थापत. थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचवायला तो रंग ठीक होता. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येऊन उभा राही, आणि नट हसला की त्या थराला पडलेल्या भेगा पडद्यावर स्पष्ट दिसत. 1914 मध्ये फॅक्टरने बरणीत भरलेला मऊ, पातळ लागणारा ग्रीझपेंट बनवला, 12 छटांमध्ये. चेहरा हलला तरी तो तडकत नसे. खास सिनेमासाठी तयार झालेली ही पहिली रंगभूषा मानली जाते.

पुढे सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली. त्याच सुमारास कडकडणाऱ्या कार्बन आर्क दिव्यांच्या जागी तारेचे शांत दिवे आले, कारण बोलपटाला दिव्यांचा आवाज चालत नव्हता. प्रकाश बदलला, फिल्म बदलली, तसे जुने रंग निकामी झाले. 1928 मध्ये फॅक्टरने या नव्या फिल्मसाठी नव्या छटांची मालिका तयार केली आणि चित्रपट अकादमीने त्याचा गौरव केला. या धंद्यात पुढेही हेच घडत राहिलं. आधी फिल्म बदलायची, मग दिवे, आणि शेवटी माणसाचा चेहरा.

सर्वांत मोठा बदल घडवला टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्राने. 1932 मध्ये डिस्नेच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या छोट्या कार्टूनपटात तीन रंगांची पद्धत प्रथम लोकांसमोर आली. 1935 चा ‘बेकी शार्प’ हा या पद्धतीने पूर्ण लांबीचा चित्रित झालेला पहिला कथापट. कॅमेरा अवाढव्य होता. भिंगामागच्या प्रिझममध्ये प्रकाशाची फाटाफूट होई. हिरवा भाग एका पट्टीवर पडे, तांबडा आणि निळा एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन पट्ट्यांवर. तिन्ही पट्ट्या कृष्णधवलच असत. त्यांवरून साचे करून एकामागून एक तीन रंग एकाच फिल्मवर छापले, की पडद्यावर तो गडद, रसरशीत रंग उमटे. तीन पट्ट्यांत वाटला जाणारा प्रकाश अर्थातच अपुरा पडे, म्हणून सेटवर दिव्यांचा मारा करावा लागे. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’च्या चित्रीकरणात मंचावरचं तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर जात असे. कॅमेरे टेक्निकलर कंपनी विकत नसे, भाड्याने देई. सोबत तिचे तंत्रज्ञ येत, आणि कपड्यांपासून पडद्यांपर्यंत कुठे कोणता रंग असावा हे पाहायला नॅटली कॅलमस यांचा रंगसल्लागार विभागही.

एवढी व्यवस्था असूनही चेहरा हाती लागत नव्हता. ग्रीझपेंट तेलकट होता. कृष्णधवल चित्रपटात त्याची चमक उपयोगी पडे, गालाच्या हाडावर प्रकाशाची एखादी रेघ खुलून दिसे. रंगीत फिल्मवर तीच चमक शत्रू ठरली. हिरव्या पडद्याशेजारी उभ्या नटीच्या गालावर हिरवट झाक येई, लाल झगा घातला की हनुवटी तांबडी दिसे. त्यात दिव्यांच्या उष्णतेने रंग वितळे. ज्यांचा चेहरा हेच भांडवल, त्या नट्यांना रंगीत चित्रपटाची धास्ती वाटू लागली. रंगाचं तंत्र तयार झालं होतं, पण माणूस त्यात शोभत नव्हता.

फॅक्टरचा मुलगा फ्रँक रसायनाचं काम सांभाळत असे. या प्रश्नाला तो आणि त्याचे वडील भिडले. उत्तर सापडलं ते तेलाचा आधार सोडण्यात. तेला-मेणाच्या जागी त्यांनी शंखजिऱ्याची बारीक पूड मुख्य धरली, तिच्यात रंगद्रव्यं मिसळली आणि ते मिश्रण दाबून त्याची घट्ट वडी केली. वडी कोरडी, पण ओला स्पंज फिरवला की रंग सुटायचा. पाणी उडून गेलं की त्वचेवर पातळ थर राही. तो आजूबाजूचा रंग परावर्तित करत नसे, दिव्याखाली लवकर वितळत नसे, डाग-सुरकुत्या झाकी आणि तरी त्वचेसारखाच दिसे. 1937 मध्ये पडद्यावर आलेल्या वॉल्टर वँगर या निर्मात्याच्या ‘व्होग्ज ऑफ 1938’ या टेक्निकलर चित्रपटात जोन बेनेट आणि इतर कलावंतांच्या चेहऱ्यावर ही वडी प्रथम लागली. पाठोपाठ 1938 मध्ये ‘द गोल्डविन फॉलीज’ आला.

मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. सेटवरून वड्या गायब होऊ लागल्या. नट्या आणि मॉडेल मुली त्या गुपचूप घरी नेत होत्या. संध्याकाळी बाहेर जाताना, कॅमेरा समोर नसतानाही, त्यांना तो चेहरा हवा होता. फॅक्टर पितापुत्रांनी यातून बाजाराचा कल ओळखला. छटा थोड्या फिक्या केल्या, कारण स्टुडिओच्या दिव्यांसाठी बनवलेला रंग घरच्या उजेडात फार गडद दिसे, आणि वडी दुकानात आणली. थोरला मॅक्स फॅक्टर ऑगस्ट 1938 मध्ये वारला. फ्रँकने वडिलांचंच नाव धारण केलं आणि तो मॅक्स फॅक्टर ज्युनियर झाला. तोवर पॅनकेक अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांपैकी एक होऊ लागलं होतं.

अमेरिका डिसेंबर 1941 मध्ये युद्धात उतरली आणि टेक्निकलरच्या चेहऱ्याला नवं काम मिळालं. ट्वेन्टिएथ सेंच्युरी-फॉक्सने बेटी ग्रेबलला घेऊन ‘स्प्रिंगटाइम इन द रॉकीज’, ‘कोनी आयलंड’, ‘स्वीट रोझी ओग्रेडी’ असे गाण्या-नाचाचे रंगीत चित्रपट एकामागून एक काढले. 1943 मध्ये ती अमेरिकेतली सर्वाधिक गल्ला खेचणारी तारका होती. पाठमोरी उभी राहून खांद्यावरून मागे पाहणारी तिची छबी फ्रँक पोवोल्नी या छायाचित्रकाराने काढली, आणि ती सैनिकांच्या बराकींत, जहाजांवर, विमानांत चिकटवली गेली. कोलंबिया स्टुडिओने 1944 मध्ये रीटा हेवर्थचा ‘कव्हर गर्ल’ काढला. तिचं मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो. केशरेषा मागे सारून आणि केस रंगवून स्टुडिओने तिला रीटा बनवलं होतं. टेक्निकलरमध्ये ते तांबूस केस आणि त्याखालचा नितळ चेहरा पाहताना आजही भान हरपतं. त्या काळच्या मासिकांत तारकांचे फोटो छापून पॅनकेकच्या जाहिराती येत, त्यात त्यांच्या नव्या चित्रपटाचं नावही असे. स्टुडिओला फुकट प्रसिद्धी मिळे, कंपनीला तारका मिळे.

या चित्रपटांना केवळ करमणूक म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. घरापासून हजारो मैलांवर चिखलात बसलेल्या विशीच्या पोराला आणि कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या त्याच्या बहिणीला त्या दोन तासांत युद्धाबाहेरचं काहीतरी दिसत होतं. बायकांच्या बाबतीत ते पडद्यापुरतं राहिलं नाही. पॅनकेक त्यांना दुकानात मिळत होतं. 1942 मध्ये सरकारने सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनावर मर्यादा घातल्या आणि काही महिन्यांतच त्या मागे घेतल्या. कामावर जाणाऱ्या बायकांचं मन टिकवण्यासाठी लिपस्टिक-पावडर गरजेची आहे, हा विचार तोवर रुजला होता. रेशीम आणि नायलॉन पॅराशूटकडे वळल्यामुळे पायमोजे मिळेनात, तेव्हा बायका पायांना रंग लावून पोटरीवर भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची रेघ काढत. इकडे फॅक्टरची कंपनी मरीन सैनिकांसाठी झाडाझुडपांत मिसळून जाणारे चेहऱ्याचे रंग बनवत होती. चेहरा उठून दिसावा यासाठी कमावलेलं ज्ञान चेहरा दिसू नये यासाठीही कामी आलं. व्हेरोनिका लेक या नटीचा एका डोळ्यावर ओघळणारा केशसंभार तर सरकारच्या विनंतीवरून मागे बांधला गेला, कारण तिची नक्कल करणाऱ्या कामगार मुलींचे केस यंत्रात अडकण्याचा धोका होता. तारकेचा चेहरा ही त्या काळी देशाच्या कारभारातली बाब झाली होती.

पण या घराण्याच्या वारशात एक अन्यायही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय कुळकथा पुरी होत नाही. हॉलिवूडच्या हायलँड अव्हेन्यूवर 1935 मध्ये फॅक्टरने आपली भव्य इमारत सजवली. तिच्यात चार खोल्या होत्या. सोनेरी केसांच्या स्त्रियांसाठी निळी, तांबड्या केसांसाठी हिरवी, काळ्या केसांसाठी गुलाबी आणि तपकिरी केसांसाठी फिकट नारिंगी. छटांचं सगळं शास्त्र या चार दारांत मावलं होतं, आणि चारही दारं गोऱ्या कातडीसाठी होती.

1942 मध्ये लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिका एमजीएम स्टुडिओशी करारबद्ध झाल्या. त्यांचा वर्ण उजळ होता, आणि त्या पडद्यावर ‘पुरेशा काळ्या’ दिसणार नाहीत ही स्टुडिओची चिंता होती. हॉर्न यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं, की त्यांचा चेहरा गडद करण्यासाठी फॅक्टरकडून ‘लाइट इजिप्शियन’ नावाची खास छटा करवून घेण्यात आली. मग ती छटा गोऱ्या नट्यांना मिश्रवर्णीय भूमिकांसाठी फासली गेली, आणि त्या भूमिका हॉर्नना मिळाल्या नाहीत. ‘शो बोट’ या संगीत नाटकातल्या ज्युली या मिश्रवर्णीय पात्राचा प्रवेश हॉर्ननी 1946 मध्ये ‘टिल द क्लाउड्स रोल बाय’ या चित्रपटात गायला होता. 1951 मध्ये एमजीएमने ‘शो बोट’ नव्याने काढला तेव्हा ज्युली झाली एव्हा गार्डनर. हॉर्नची गाणी चित्रपटांत बहुधा कथेपासून सुटी ठेवलेली असत, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत ती कापून टाकता येत. त्यांच्यासाठी बनवलेला रंग चित्रपटात राहिला आणि त्या स्वतः कात्रीत सापडल्या.

वडी आपल्याकडेही लवकर पोचली. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत काम केलेले तमिळ लेखक अशोकमित्रन यांनी आपल्या आठवणींची सुरुवातच पॅनकेकपासून केली आहे. जेमिनी ते ट्रक भरभरून विकत घेई, असं ते लिहितात. तिथल्या मेकअप विभागाचा पहिला प्रमुख बंगाली होता आणि त्याच्यानंतर आला एक महाराष्ट्रीय. हाताखाली धारवाडचा कानडी, आंध्रातला एक, मद्रासी ख्रिश्चन, अँग्लो-बर्मी आणि स्थानिक तमिळ असे सहकारी. दिव्यांनी वेढलेल्या आरशांसमोर ही मंडळी जिथे नटांचे चेहरे रंगवत, तिथे खोलीतच चांगलं उकडत असे. मेकअप चढला की चांगला देखणा माणूसही लालभडक दिसे, असं अशोकमित्रन नोंदवतात. छटा कॅलिफोर्नियातल्या दिव्यांसाठी ठरवलेली आणि चेहरा मद्रासचा सावळा, असं पाहिलं तर हे निरीक्षण मला हॉर्नच्या अनुभवाशी जोडलेलं वाटतं. दोन्हीकडे चेहरा रंगाच्या मापात बसवला जात होता. रंगाला चेहऱ्याच्या मापात बसवणं हे काम आपल्या रंगभूषाकारांना अनेक वर्षं स्वतःच्या हातांनी, छटांत छटा मिसळून करावं लागलं.

तीन पट्ट्यांचा टेक्निकलर कॅमेरा 1950 च्या दशकाच्या मध्यावर निवृत्त झाला. एकाच पट्टीवर रंग टिपणारी ईस्टमनकलर फिल्म स्वस्त आणि सोपी होती. वडी मात्र टिकली, टीव्हीवर गेली, नाटकात राहिली. युद्धकाळातल्या रंगीत चित्रपटांच्या छायाचित्रणाला तेव्हाच ऑस्करमध्ये वेगळा विभाग होता. रंगभूषेला नियमित विभाग मिळायला 1981 उजाडावं लागलं. माझ्या मते ही वाटणी चुकीची होती. ग्रेबल आणि हेवर्थ यांचा चेहरा कॅमेऱ्याने टिपला हे खरं, पण कॅमेऱ्याला टिपता येईल असा तो आधी घडवला रसायनशाळेने आणि मेकअपच्या खोलीने. त्या खोलीतल्या माणसांना छायाचित्रकाराइतकाच मान मिळायला हवा, आणि छटा ठरवताना ते कोणाची कातडी विसरले याचा जाबही त्यांना तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा.