नौदलीय लढाऊ विमाने, जुनी : जतन व पुनःस्थापना

विमानवाहू जहाजावरून लढण्यासाठी बांधलेली व सेवेतून निवृत्त झालेली विमाने प्रदर्शनासाठी किंवा पुन्हा उडवण्यासाठी दुरुस्त करण्याचे काम. मराठी भाषक प्रदेशाच्या लगत अशा विमानांचा मोठा संग्रह एकच आहे : गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालय (उद्घाटन १२ ऑक्टोबर १९९८). तेथील विमाने केवळ पाहण्यासाठी आहेत. उडणारे एकही नाही. या नोंदीत मुख्यतः फायरफ्लाय व सी हॉक या दोन विमानांचा विचार केला आहे.

फेअरी फायरफ्लाय : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाचे दोन आसनी लढाऊ व टेहळणी विमान. पहिले उड्डाण २२ डिसेंबर १९४१. रोल्स-रॉइस ग्रिफन इंजिन, २० मिमी.च्या चार तोफा, घडी होणारे पंख. भारतीय नौदलाला ही विमाने १९५५ पासून मिळाली, पण लढण्यासाठी नव्हे. कोचीनच्या तळावरून ती तोफखान्याच्या सरावासाठी दोरखंडाला बांधलेले लक्ष्य ओढून नेत. यातूनच जतन करणाऱ्यापुढे पहिला पेच उभा राहतो. गोव्यातील फायरफ्लाय महायुद्धातील लढाऊ विमान म्हणून उभे करायचे, की भारतात ते जसे होते तसे, लक्ष्य ओढणारे? तोफा बसवल्या तर पाहणाऱ्याला बरे वाटेल, पण ते भारताचे विमान राहणार नाही. प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

हॉकर सी हॉक : रचनाकार सिडनी कॅम. मूळ नमुन्याचे पहिले उड्डाण २ सप्टेंबर १९४७. सरळ पंख व रोल्स-रॉइस नीन जेट इंजिन. इंजिन एकच, पण त्याचा झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडे, त्यामुळे धडाच्या मागील भागात इंधनाला जागा मिळाली. भारतीय नौदलाची ३०० क्रमांकाची तुकडी (बोधचिन्ह पांढरा वाघ) जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये उभी राहिली. विमानवाहू जहाज विक्रांतच्या डेकवर पहिले जेट विमान १८ मे १९६१ रोजी उतरले. वैमानिक होते लेफ्टनंट रा. ह. ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. नौदलाचा हंसा तळ १९६४ मध्ये सुलूरहून दाबोळीला हलला आणि सी हॉकचे घर गोव्यात आले. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. पुढे चितगाव व इतर बंदरांवर हल्ले झाले. तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. १९८३ मध्ये सी हॅरियर आले व सी हॉक निवृत्त झाले.

भारतीय सी हॉकची घराणी दोन : ब्रिटनकडून घेतलेली आणि नंतर पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडून आलेली वापरलेली विमाने. जर्मन आवृत्तीची उभी शेपटी ब्रिटिश आवृत्तीपेक्षा उंच होती. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावताना हे ध्यानात न ठेवल्यास कधीच अस्तित्वात नसलेले विमान तयार होते.

खारी हवा व धातू : या कामाचा खरा विषय हाच. विमानाचा पत्रा तांबेमिश्रित ॲल्युमिनियमचा असतो. तो बळकट, पण मिठापुढे दुबळा. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे खारे पाणी साचले की दोन धातूंमध्ये विजेचा घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजते. लोखंडाचा गंज तांबडा असल्याने लगेच दिसतो. ॲल्युमिनियमची मात्र रंगाखाली पांढरी भुकटी होते, पत्रा पापुद्र्यांनी फुगतो, आणि बाहेरून विमान ठणठणीत दिसत राहते. चाकांत व खोक्यांत वापरलेले मॅग्नेशियमचे ओतीव भाग सर्वांत आधी जातात. नौदलीय विमानात घडीच्या पंखांची बिजागरी व उतरताना दोर पकडणारा शेपटीचा आकडा या दोन जागा विशेष नाजूक; दोन्ही ठिकाणी पोलाद व ॲल्युमिनियम शेजारी आणि पाणी साचायला खोबणी. म्हणून पावसाळ्यापूर्वी पोटाखालची पाणी निचऱ्याची भोके मोकळी करणे हे रंगकामापेक्षा महत्त्वाचे. या भोकांत माती साचते, पक्षी घरटी करतात. वजन टायरांवर न ठेवता टेकूंवर घ्यावे. उपकरणांच्या जुन्या तबकड्यांच्या चमकत्या रंगात रेडियम असू शकते, त्यामुळे त्या उघडताना खबरदारी हवी. आसन बाहेर फेकणारी स्फोटक नळकांडी तर सर्वांत आधी काढावी लागतात.

गोड्या पाण्यात याच्या उलट घडते. महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सरावात शंभराहून अधिक विमाने मिशिगन सरोवरात पडली. थंड, गोड्या पाण्यात ती टिकली व नंतर अनेक वर काढली गेली. त्यांतील एक वाइल्डकॅट शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उभे आहे.

रंगाचे थर : मराठीत जीर्णोद्धार हा शब्द देवळांसाठी रूढ आहे, आणि तिथे नवा रंग पुण्याचा मानतात. विमानावरचा प्रत्येक जुना थर मात्र पुरावा असतो : तुकडी, क्रमांक, काळ. नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच २०२२ मध्ये उतरवले, तेव्हा आतले मूळ रूप दिसले. रंगाखाली काय असते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. विमानाचा जुना रंग एकदम खरवडू नये. छोट्या चौकोनात थर उतरवून, छायाचित्र घेऊन मगच पुढे जावे.

उडती विमाने : ब्रिटनमध्ये रॉयल नेव्हीच्या ऐतिहासिक पथकाचे सी हॉक बरीच वर्षे हवाई प्रदर्शनांत उडत असे. त्याच पथकाचे एक फायरफ्लाय १२ जुलै २००३ रोजी डक्सफर्ड येथे कोसळले व दोघे दगावले. जुनी विमाने उडवावीत की नाही, यावर मतभेद आहेत.

विक्रांत : १९९७ मध्ये निवृत्त. मुंबईत तरंगते संग्रहालय. २०१२ मध्ये बंद, पुढे भंगारात.

कायदा : पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये सर्वसाधारणपणे शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तूच पुरावशेष ठरते. महायुद्धातील विमान त्यात अद्याप बसत नाही. भारतातील टेम्पेस्ट व स्पिटफायर या लढाऊ विमानांचे सांगाडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी संग्राहकांकडे गेले.

नाशिक : ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना (१९६४, मिग-२१, पुढे सुखोई-३०) व हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती तळ. दोन्हींचे मुख्य काम सेवेतील विमानांचे, जुन्यांच्या जतनाचे नव्हे.

जाता जाता : गोव्याच्या संग्रहातील सर्वांत मोठे विमान लढाऊ नाही. ते सुपर कॉन्स्टेलेशन आहे. एअर इंडियाकडे असताना त्याचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’ होते. वेरूळच्या या राणीखाली वाकून चाकांची खोबण अवश्य पाहावी. पत्र्याची खरी अवस्था तिथेच कळते. संग्रहालय सोमवारी बंद असते.